दादाला काहीच नव्हतं

पत्र: डॉक्टर, मी ४४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या श्रावणात माझा मोठा भाऊ गेला. वय ५२. रात्री जेवून झोपला, साडेबाराला उठला आणि छातीत जळजळतंय म्हणाला. वहिनीने सोडा करून दिला. घाम येत होता, डावा खांदा भरून आला होता. "पित्त आहे, सकाळी बघू" म्हणाला आणि पहाटे चारला गेला. दादाला काहीच नव्हतं हो. शाकाहारी, अंगाने काटक, दारूला कधी शिवला नाही, सोमवार-एकादशी चुकवली नाही. सिगारेट नाही, जेवणानंतर चिमूटभर तंबाखू तेवढी. आठ महिन्यांपूर्वीची स्ट्रेस टेस्टसुद्धा, ती पट्ट्यावर चालवून ईसीजी बघतात ती, नॉर्मल होती. आता त्याच्या कपाटात कारखान्यातल्या वार्षिक तपासणीची १४ वर्षांची फाइल सापडली आहे. त्यातले आकडे सोबत लिहून पाठवते. वडीलही ५४ व्या वर्षी असेच गेले. हे आमच्या रक्तातच आहे का? मला आणि धाकट्या भावाला सगळे ईसीजी काढून घ्या म्हणतात. तेवढ्याने कळेल? माझ्या पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, नंतर उतरलं, त्याचा काही संबंध? आणि ही फाइल ठेवू की टाकून देऊ? बघवत नाही.

ताई,

आधी त्या रात्रीबद्दल लिहितो, कारण तुमच्या घरात अजून त्या रात्रीचाच विचार चालू असणार. वहिनींनी सोडा दिला यात त्यांची चूक नाही. जळजळ आणि हृदयाचं दुखणं यांची जागा इतकी जवळ आहे की माझ्यासमोर बसलेल्या माणसाचंही मी नुसतं ऐकून ठरवत नाही, यंत्र लावून बघतो. हे त्यांना माझ्या नावाने सांगा. पण आता कळलं आहे, तर सगळ्यांनी लक्षात ठेवा. छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटतंय, त्याच्या जोडीला घाम आहे, दुखणं खांदा, हात, जबडा किंवा पाठीकडे जातंय, धाप लागतेय, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, ॲस्पिरिनचं वावडं किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची ॲस्पिरिन चावून खायची आणि निघायचं. दवाखान्यात पोचून ईसीजी नॉर्मल निघाला आणि खरंच पित्त असलं, तर हसत परत यायचं. बायकांमध्ये कधी कधी छातीपेक्षा धाप, मळमळ आणि कमालीचा थकवाच पुढे येतो, म्हणून हे तुमच्यासाठीही लिहितो आहे.

आता फाइल.

तुम्ही पाठवलेले आकडे मी एका कागदावर वर्षावार उतरवून काढले. ३८ व्या वर्षी बीपी १४२/९२, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४६, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३४, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी २२८, उपाशीपोटीची साखर १०४, वजन ६१ किलो. शेरा: "वयानुसार ठीक, मीठ कमी." ४१ व्या वर्षी १४८/९४. ४४ व्या वर्षी १५२/९८, त्या वर्षी गोळी सुरू. ४५ ला १२८/८२, आणि पुढे दादांच्याच अक्षरात "गोळी बंद". ४६ ला पुन्हा १५०/९६. ४९ ला तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३. ५१ ला बीपी १५६/९८, एलडीएल १५८, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.६. आणि चौदाही पानांवर ईसीजी: नॉर्मल.

ताई, दादाला काहीच नव्हतं असं तुम्ही लिहिलंत. त्यांना कसला त्रास नव्हता, हे खरं. पण ३८ व्या वर्षापासून त्यांच्याकडे बरंच काही होतं, आणि ते सगळं या फाइलमध्ये लिहिलेलं आहे. एकाही पानावर घाबरून धावत सुटावं असा आकडा नाही, म्हणून दरवर्षी पान उलटलं गेलं. मला हे लिहिताना वाईट वाटतं. तरी लिहितो, कारण तुमच्या धाकट्या भावाचं आणि भाच्याचं पान अजून उलटायचं आहे.

"वयानुसार ठीक" हा शेरा आमच्या पेशात फार जुना आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांचा रक्तदाब अनेक वर्षं चढत होता आणि त्यांचे डॉक्टर तो वयाला साजेसा आहे असंच म्हणत होते. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी मोजलेला दाब ३००/१९० होता. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांना तपासून त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची असं ठरलं. कोणाला पुढे हृदयविकार होतो आणि त्यांच्यात आधीपासून काय वेगळं असतं, एवढाच प्रश्न होता. आज आपण सहज बोलतो ते बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह हे धोक्याचे घटक त्या गावच्या नोंदींतून ठळक झाले. पुढे ६१ अभ्यासांतल्या १० लाख माणसांचे आकडे एकत्र केले, तेव्हा दिसलं की ४० ते ६९ या वयात वरचा दाब ११५ पासून दर २० अंकांनी चढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. वयाची सूट कुठेच नाही. दादांचा १५६ मी या हिशोबाने वाचतो, आणि मग "ठीक" हा शब्द मला टोचतो.

स्ट्रेस टेस्ट नॉर्मल असूनही असं कसं झालं, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात तो प्रश्न आहेच. रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि त्यात साचणारा गाळ, असं चित्र आपल्या मनात असतं. ते अपुरं आहे. जुन्या घराची भिंत आठवा. आत ओल मुरत असते, बाहेरून रंग शाबूत दिसतो, मग कुठेतरी पोपडा फुगतो. कोलेस्टेरॉल तसंच रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत मुरतं. कित्येक वर्षं खोलीत वावरायला जागा तेवढीच असते, म्हणजे रक्त नीट वाहतं, छातीत दुखत नाही, पट्ट्यावर पळवलं तरी ईसीजी बदलत नाही. स्ट्रेस टेस्ट खोली अरुंद झाली का हे सांगते, भिंतीतली ओल तिला दिसत नाही. मग एक दिवस पोपडा फुटतो, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. पुष्कळ झटके अशा फार अरुंद न झालेल्या जागीच येतात. दादांचंही बहुधा हेच झालं असावं.

ओल मुरायला किती लवकर सुरुवात होते? कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं केली होती, १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२. दर चारांतल्या तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा होत्या. म्हणून आकडा किती आहे याच्याइतकंच तो किती वर्षं तसा आहे, हेही मी विचारतो. १४६ चं एलडीएल एखादं वर्ष असेल तर गोष्ट निराळी. चौदा वर्षं असेल, आणि त्याला बीपीची, साखरेची आणि तंबाखूची साथ असेल, तर भिंत चारही बाजूंनी भिजते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, रक्तातच आहे का.

काही अंशी आहे. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर त्या घराचा धोका जास्त धरतात. तुमच्याकडे वडील ५४ आणि दादा ५२, दोन्ही त्यात बसतात. शिवाय आपण दक्षिण आशियातले. ५२ देशांतली सुमारे ३० हजार माणसं घेऊन इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याकडच्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळपास ५९ व्या. पण त्याच अभ्यासात दुसरंही दिसलं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. जगात कुठेही पाहा, झटक्यांचा सुमारे ९० टक्के धोका नऊच गोष्टींत मोजता आला: तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, हालचाल कमी असणं आणि मद्य. यांतलं बहुतेक सगळं मोजता येतं आणि बदलता येतं. घराण्याकडून आलेला धोकाही पुष्कळदा याच वाटांनी येतो, म्हणजे बीपी आणि साखरेच्या रूपाने.

एक गोष्ट मात्र खरोखर जन्मतः ठरते. लायपोप्रोटीन-ए नावाचा कोलेस्टेरॉलचाच एक चिकट प्रकार. आहाराने, चालण्याने तो फारसा हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड तपासणीत, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, दिसत नाही. आयुष्यात एकदा तपासला की बहुतेकांना पुरतो. तुमच्या घरात तिघांनी तो तपासावा: तुम्ही, धाकटे भाऊ आणि दादांचा मुलगा. जास्त निघाला तर निराश व्हायचं कारण नाही. मग बाकीचे आकडे इतरांपेक्षा कडक ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

दादा काटक होते, ६१ किलो, तरी साखर कशी वाढली याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं सांगत आले आहेत की भारतीय शरीर दिसायला बारीक आणि आतून चरबीचं असू शकतं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपापलं शरीर मोजून ते छापलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप कामाची. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या आत हवा. दादांच्या फाइलमध्ये चौदा वर्षांत घेर एकदाही लिहिलेला नाही. लहानसं पोट होतं का, वहिनींना विचारा, त्यांना आठवेल.

आणि ती चिमूटभर तंबाखू. धूर नाही म्हणजे हृदयाला धोका नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की पत्रातसुद्धा तुम्ही ती "तेवढी" म्हणून बाजूला ठेवलीत. तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका सुमारे दुपटीने जास्त आढळला आहे. घरात कोणी मिश्री लावत असेल तर तीही भाजलेली तंबाखूच, हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातंच. धाकट्या भावाला सवय असेल तर पहिलं काम तेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांबद्दल ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी आहेत: चाळिशीत सोडणाऱ्याला, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, आयुष्याची सुमारे नऊ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सोडणाऱ्यालाही सहा. उशीर झाला असं म्हणायला वाव नाही.

शाकाहार चांगलाच, पण तो कवच नव्हे. सोमवारी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याची आमटी, म्हणजे पिष्ट आणि तेलाचा भरणा आणि भाजीचा पत्ता नाही. उपवास जरूर करा, ताटात फळ, ताक, राजगिरा, रताळं येऊ द्या. मीठ दिवसाला माणशी सपाट एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं, आणि त्यात पापड, लोणचं, शेव, फरसाण, पाव सगळं धरायचं. तेल किती जातं याचा वाद घालू नका. डब्यावर आणल्याची तारीख लिहा आणि घरच्या माणसांनी भागा. महिन्याला माणशी अर्ध्या लिटरच्या बरंच वर जात असेल तर हात आखडा, आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वहिनींचं रक्त वेगळं, पण इतकी वर्षं दादांच्या ताटातलंच त्यांनी खाल्लं आहे, तेव्हा त्यांचीही तपासणी करा. अशा दुःखानंतर बाईची तब्येत कोणी विचारत नाही.

आता तुमचं बाळंतपण. हे तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. गरोदरपणात बीपी वाढलं, लघवीत प्रथिनं गेली, सूज आली आणि बाळंतपणानंतर सगळं उतरलं, की फाइल बंद होते. पण अशा बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो, आणि कायमचं बीपी लागण्याची शक्यता त्याहून जास्त. गरोदरपणात साखर वाढली असेल तर मधुमेहाचंही तसंच. तुम्ही ४४ च्या, पाळी जाण्याचं वय जवळ आलं आहे, त्यानंतर बाईला असलेलं नैसर्गिक संरक्षणही कमी होतं. डॉक्टरकडे जाल तेव्हा ही बाळंतपणाची गोष्ट आपणहून सांगा. ते विचारतील याची वाट बघू नका, बहुधा विचारणार नाहीत.

ईसीजी काढायला हरकत नाही, पण तो आजचा फोटो आहे. तुम्हाला हवी आहे ती ओल मोजायची. त्यासाठी उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, लिपिड प्रोफाइल, लायपोप्रोटीन-ए, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये लिपिडची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कमी धोक्याच्या माणसाचं एलडीएल १०० च्या आत, जास्त धोक्याच्याचं ७० च्या आत आणि फारच धोक्याच्याचं ५५ च्या आत हवं, असं त्यात आहे. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली मर्यादा सगळ्यांना एकच असते, तुमची मर्यादा तुमच्या घराण्यावरून ठरते. हे डॉक्टरांशी बोला. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुचवली तर लिव्हर खराब होईल या ऐकीव भीतीने नाकारू नका. एलडीएल सुमारे ४० ने उतरलं की झटके आणि पक्षाघात मिळून पाचाला एक या प्रमाणात कमी होतात, आणि गोळी जितकी जास्त वर्षं, तितका फायदा वाढत जातो. आणि दादांनी ४५ व्या वर्षी केलं ते करू नका. १२८/८२ हा आकडा त्यांचा नव्हता, गोळीचा होता. गोळी गेली, पुढच्या पानावर आकडा परत आला.

बीपी मात्र घरीच मोजा. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. सकाळी चहाच्या आणि गोळीच्या आधी, लघवीला जाऊन या आणि पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा. पाय जमिनीवर, एकावर एक नाही. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीवर नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसा. मुलाला डबा भरायला सांगत सांगत मोजलंत तर आठ-दहा अंक असेच वाढतात. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, संध्याकाळी पुन्हा दोनदा. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर तो रक्तदाबच, "शाळेच्या दगदगीने असेल" म्हणायचं नाही.

चालण्याबद्दल थोडक्यात: वर्गात दिवसभर उभं राहणं त्यात धरू नका. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. आणि धाकट्या भावाला घोरण्याबद्दल विचारा, किंवा त्यांच्या बायकोला विचारा. झोपेत श्वास थांबत असेल तर बीपी आवरत नाही.

फाइल टाकू नका. आत्ता बघवत नसेल तर कापडात गुंडाळून वर ठेवा, पण दादांच्या मुलाला नोकरीच्या ठिकाणी पहिली तपासणी होईल त्या दिवशी ती हातात देऊन पाठवा, आणि डॉक्टरांना म्हणावं, वडिलांचं अडतिसाव्या वर्षीचं पान आधी बघा. लिपिडची पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी असं आता सांगतात, म्हणजे त्याची वेळ झालेलीच असेल.

शनिवारी शाळा सकाळची असते ना? सुटल्यावर लॅबचा पत्ता शोधून ठेवा आणि रविवारी उपाशीपोटी तुम्ही आणि धाकटे भाऊ दोघं जा. जाताना वहिनींनाही सोबत न्या. सात दिवसांचे बीपीचे आकडे आणि रिपोर्ट मला याच पत्त्यावर लिहून पाठवा, मी वाचेन.